फुगा फुगवताना मुलाच्या मानेवर गाठ, शांत बसला की गायब

रात्रपाळीवाला
मुलगा सात वर्षांचा. महिन्यापूर्वी फुगे फुगवत होता, तेव्हा मानेच्या उजव्या बाजूला, कॉलरबोनच्या जरा वर, अंगठ्याएवढा फुगवटा आला. दम सोडला की सपाट. दुखत नाही, लाल नाही, बोट ठेवलं तर कापसासारखा आत जातो. पोरगं खूश, "माझा पण फुगा" म्हणून येईल त्याला दाखवतंय. माझी झोप उडालीय. डॉक्टरांसमोर पठ्ठ्या मांडी घालून गप्प बसला, मानेत काहीच नाही! सोनोग्राफी नॉर्मल. दुसरे डॉक्टर म्हणाले, एक्स्टर्नल ज्युग्युलर शीर, म्हणजे मानेतली कातडीखालची बाहेरची शीर, फुगत असेल. तेव्हापासून शोधनिबंध वाचतोय. बहुतेक एकेका रुग्णाच्या हकिगती. कुणी शीर काढली, कुणी नुसतं लक्ष ठेवलं. धरायचं काय? आणि ती फुटणार तर नाही ना?

प्रोबवाली
दादा, रिपोर्ट चुकला नसेल, वेळ चुकली असेल. ही शीर जबड्याच्या कोपऱ्यापासून निघते, मानेच्या मोठ्या स्नायूवरून तिरकी उतरते आणि कॉलरबोनमागच्या शिरेला मिळते. वर फक्त कातडी आणि एक पातळ स्नायू, त्यामुळे प्रोब (सोनोग्राफीत अंगावर फिरवतात तो) जरा दाबला तरी चपटी होऊन दिसेनाशी होते. आम्ही भरपूर जेल घालून प्रोब नुसता टेकवतो. कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा आणि तेव्हाच त्याला फुगा फुगवायला लावा. घरी व्हिडिओ काढून न्या, रडतानाचा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

हिच्यात झडपा असतात, एक तळाशी, दुसरी साधारण ४ सेंमी वर. मधला भाग बऱ्याच जणांत मुळातच थोडा रुंद असतो. म्हणून दोन्ही बाजू मोजून घ्या. जोर केल्यावर फुगणाऱ्या गाठीत स्वरयंत्रापासून निघालेली हवेची पिशवीही असू शकते, ती वगळायला हवी. तोवर कुणाला सुई घालून "पाणी" काढू देऊ नका. शीर असेल तर रक्तच येणार.

निबंधांचं म्हणाल, तर विचित्र काही घडलं की लिहिलं जातं. गपचूप बसलेल्या शिरांवर कोण लिहिणार? शिरेतला दाब धमनीच्या मानानं फार कमी, तेव्हा फुटण्याचं भय डोक्यातून काढा. लहान मुलांत त्रास नसेल तर सहसा नुसतं लक्षच ठेवतात.

एक_कान_बधिर
माझी डावीकडची काढली. आत गुठळी झाली होती, गाठ कडक आणि दुखरी, दाबून जाईना. डोक्याकडचं बहुतेक रक्त आतल्या ज्युग्युलर शिरेतून उतरतं, त्यामुळे बाहेरची गेल्यानं काही अडलं नाही. पण कानाकडे जाणारी संवेदनेची नस (नर्व्ह) तिला चिकटूनच असते. दोन वर्षं झाली, कानातलं घालताना पाळीला टोचलं तरी कळत नाही. नुसतं दिसायला बरं वाटावं म्हणून मुलाचं ऑपरेशन करत असाल तर आधी हे विचारून घ्या.

रात्रपाळीवाला
काल डॉपलर झालं. टेबलावर झोपून पठ्ठ्यानं दोन फुगे फुगवले, तिसरा मागत होता. उजवी शीर ५ मिमीवरून १३ वर गेली, डावी ७ पर्यंत. आत गुठळी नाही, दम सोडला की पूर्ववत. सहा महिन्यांनी परत बोलावलंय. ताई, टेक्निशियन प्रोब दाबतच होते. मी "जरा हलक्या हातानं" म्हटलं, तर माझ्याकडे वळून बघितलं त्यांनी.