चर्चच्या कौलांवर सोलर लावावं का? ठाणेकरांनो, मत द्या

तलावपाळीकर
मंडळी, ठाण्यातल्या आमच्या चर्चमध्ये दोन महिने सोलरवरून वाद चाललाय, गेल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर आवारातच आवाज चढले, म्हणून इथे लिहितोय. चर्च जुनं, कौलारू. बाजूला पॅरिशचा हॉल, त्याला स्लॅब, मागे फादरांचं घर. माझं म्हणणं, कौलांवर १० किलोवॅटचं सोलर घालू. आपल्या भागात किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात, म्हणजे महिन्याला १,२०० धरा, पावसाळ्यात अर्थातच कमी. चर्च पूर्व-पश्चिम असल्यामुळे कौलांची एक अख्खी बाजू दक्षिणेला उतरते, पॅनलला हवी तीच दिशा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या लाउदातो सी या पर्यावरणावरच्या पत्रात नको असलेले दिवे मालवण्यासारख्या रोजच्या छोट्या गोष्टींनाही मोल दिलंय, आणि व्हॅटिकनने २००८ लाच सभागृहाच्या छपरावर २,४०० च्या आसपास पॅनल बसवले. आम्ही आत बसून सृष्टीची काळजी घ्या ऐकतो आणि बाहेर आलो की भर दुपारी पोर्चचे दिवे चालू. मला हे मनापासून लागतं.

शाकारणीवाला
भाऊ तुझी तळमळ कळते पण कौलांवर नको म्हणजे नकोच. मे महिन्यात शाकारणीला मी स्वतः वर होतो. वेदीच्या बाजूचा तिसरा वासा दिसायला ठणठणीत, रंग लावलेला, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर निम्मा आत गेला आणि भुसा माझ्या हातावर सांडला. वाळवी. तो वासा आम्ही जोड देऊन धरलाय एवढंच. ५४० वॅटचं एक पॅनल २८ किलोच्या आसपास, १० किलोवॅटला १९ लागतील, म्हणजे अर्धा टन, वर लोखंड वेगळं, शिवाय जुलैत वारा खालून शिरला की पॅनल उचलायला बघतो तो ताण वासेच घेणार. उद्या कौल फुटून मधल्या बाकांवर पाणी गळायला लागलं तर वर पाय ठेवायला जागा कुठे ठेवलीस? आधी वासे बदला, मग बाकीचं बोला.

मीटरवाली
दोघांनाही सांगते, आधी बिलं काढा. मी अकाउंट्सचं काम करते, आमच्या नेरूळच्या चर्चची वर्षभराची बिलं मी मांडली होती. दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे महावितरणच्या दरांमध्ये फक्त प्रार्थनेसाठी वापरायची जागा घरगुतीत बसते पण भाड्याने दिला जाणारा हॉल कमर्शियलमध्ये जातो आणि तिथला युनिट कितीतरी महाग. साध्या नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सोलरचे युनिट बिलातून वजा होतात त्या पद्धतीत, ज्या मीटरला सोलर जोडाल त्याच मीटरचे युनिट वजा होणार, मग स्वस्त मीटरला जोडून काय साधणार? तुमच्याकडे लग्नं, बारसे होत असतील तर पॅनल हॉलच्याच मीटरवर हवेत.
दुसरं, एका रात्री ११ ला हॉलमधलं सगळं बंद करून मी मीटरसमोर उभी राहिले. तरी लाल दिवा भराभर लुकलुकतोय. शोधत शोधत मागे गेले तर भिंतीवर ५०० वॅटचे ४ हॅलोजन, संध्याकाळी ७ ते सकाळी ६, कोणी कधी विचारच केला नव्हता. म्हणजे रोज २२ युनिट. १०० वॅटचे एलईडी लावले, साडेचारवर आलं. महिन्याला ५०० च्या वर युनिट वाचले, ४ किलोवॅटचं सोलर जेवढं देईल तेवढे, एक पॅनल न लावता.

तलावपाळीकर
ताई हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. मी पंख्यांच्या मागे होतो, चर्चमध्ये ३६ जुने पंखे आहेत, ७५ वॅटचा काढून ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा पंखा, लावला तर अर्ध्याहून जास्त वाचते.

मीटरवाली
वाचते, पण तुमचे पंखे रोज चालतात किती? सकाळची मिस्सा, संध्याकाळची, रविवारी जरा जास्त. एवढ्या कमी तासांवर नव्या पंख्याचे पैसे सुटायला कितीतरी वर्षं जातील. फादरांच्या घरात आणि पॅरिश ऑफिसात दिवसभर पंखा फिरतो, तिथे आधी लावा. चर्चमधला जो जळेल तो बदलत जा.

खोपटची_आई
मी विरोधातच लिहिणार, राग मानू नका. कोटेशन आलंय साडेपाच लाखांचं. २०२४ ची सूर्यघर सबसिडी घरांसाठी आणि सोसायट्यांसाठी, चर्चला त्यातलं काही नाही, म्हणजे पूर्ण पैसा अर्पणातून. माझ्या ओळीतल्या एका घरात कर्ता माणूस आठवड्याला दोनदा डायलिसिसला जातो, मुलीची फी राहिलीय. तिच्या आईने चर्चच्या छपरावर काचा चमकताना बघायच्या का?

तलावपाळीकर
मावशी, व्हिन्सेंट डी पॉलच्या, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या, खात्याला हात लावायचा नाही हे मी पहिल्या मिटिंगलाच बोललो होतो. वेगळी देणगी गोळा करू, आणि बिलाचे वाचतील ते त्याच खात्यात टाकू.

खोपटची_आई
वेगळी देणगी देणारी घरं तीच रे. एकदा दिली की नाताळला हात आखडतो. आणि पाच वर्षांनी वाचणाऱ्या पैशातून या जूनची फी भरता येत नाही.

नौपाडा_तिसरा_मजला
हॉलच्या स्लॅबवर पॅनल लावायचं ठरवण्याआधी सावली बघा. तुमच्या दक्षिणेला तो रिडेव्हलपमेंटचा टॉवर उठतोय ना. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य भर दुपारीसुद्धा ४७ अंशांच्या आसपासच असतो, ७० मीटरच्या टॉवरची सावली तेव्हा ६५ मीटर पडते. साध्या जोडणीत एका पॅनलवर सावली आली तरी त्या अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. आमच्या सोसायटीत हे पॅनल लावल्यावर कळलं.
आणि लाईट गेली तरी सोलरवर चर्च चालेल असं तुमच्याकडे कोणी समजत असेल तर तेही नाही. लाइनमनला शॉक लागू नये म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाईट गेल्याबरोबर स्वतःच बंद होतो. बॅटरी घेतली तर खर्च अजून वाढला.

तलावपाळीकर
बरं, कौलांचा हट्ट मी सोडला. पोर्चचे दिवे आणि मागचे फोकस या महिन्यातच बदलू, आमच्याकडेही मागे ४००-५०० चेच आहेत, काल जाऊन बघितले. त्याला फार पैसे नाहीत, मी आणि माझा भाऊ मिळून देतो. सोलर ५ किलोवॅटचंच, हॉलच्या मीटरवर, स्लॅबवर, सावलीचं नक्की झाल्यावर. पण सोडणार नाही हं, एवढं ऊन रोज फुकट जातंय.

शाकारणीवाला
स्लॅबला माझी ना नाही, फक्त वॉटरप्रूफिंग फोडून बोल्ट मारू देऊ नकोस, काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर बसवा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ये, खडूने दर तासाला सावलीची रेघ मारू, शिडी मी आणतो. वाशांचं विसरू नकोस.

तलावपाळीकर
येतो अंकल. ९ ला?

शाकारणीवाला
८ ला. सकाळची सावलीच लांब पडते.

खोपटची_आई
दिव्यांना माझा होकार, वाशांनाही. सोलर मिटिंगला आणाल तेव्हा वाचलेले पैसे कुठल्या खात्यात आणि दर महिन्याला नोटीस बोर्डवर आकडा कोण लावणार हे ठरावात लिहून आणा. तोंडी सांगितलं तर माझा हात वर होणार नाही.