'शाले'ला मराठीत काय म्हणायचं? (रात्रीपर्यंत हवंय)

अनुस्वार: एका कथेचा अनुवाद करतेय, 'शाले' (chalet) या फ्रेंच शब्दापाशी गाडी अडलीय. कोशात 'आल्प्समधलं लाकडी घर' एवढंच आहे, ते बसत नाही. मूळ अर्थ काय? लवकर सांगा प्लीज.

पाटीवाचक: शाले की चॅलेट? लोणावळ्यात उतरलो होतो तिथे पाटीवर 'चॅलेट' होतं आणि मॅनेजरही तेच म्हणायचा.

लोझानकर: टी गिळायचा. फ्रेंचमध्ये शाले, इंग्रजीत शॅले. शब्द आमच्या इकडचा, फ्रेंचभाषक स्वित्झर्लंडचा. मुळात घर नव्हे, उन्हाळ्यात गुरं वर चरायला नेली की चीज करायची खोपटी. इथल्या ग्रुयेर भागात अजून बघायला मिळतात: चुलीवर तांब्याची अजस्र कढई, धुरानं काळी झालेली तुळई. १७६१च्या कादंबरीत रूसोनं हा शब्द वापरला तेव्हा तळटीप देऊन समजवावा लागला.

मूळशोधक: सरळ आहे की! शाला. गोशाला, पाठशाला, शाले. संस्कृतच.

लोझानकर: नाही हो. तो 'श' नंतरचा. लॅटिनमधला 'का' फ्रेंचमध्ये 'शा' होतो. 'कांतारे'चं 'शांते' झालं तसं. मूळ 'काला' मानतात, म्हणजे आडोसा, लॅटिनच्याही आधीचा.

मूळशोधक: मानतात. पुरावा?

घाटवाट: ताई, 'झाप' लिहा! सह्याद्रीत गुराख्यांचं खोपटं असतं तेच. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर एका झापात ताक प्यायलोय, तसं पुन्हा कुठे मिळालं नाही.

पाटीवाचक: हरिश्चंद्रगडाला कुठल्या वाटेनं?

घाटवाट: पाचनई.

चष्मेबद्दूर: कथा कुठली ते कोणी विचारेल का? स्पेनमध्ये 'चाले' म्हणजे शहरातला स्वतंत्र बंगला, कुवेतमध्ये 'शालेह' म्हणजे समुद्रकाठचं सुट्टीचं घर. फ्रान्समध्ये पूर्वी 'शाले द नेसेसिते' म्हणजे चक्क सार्वजनिक मुतारी! तिथे झाप लिहून बघा.

अनुस्वार: मुतारी नाहीये!! कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकची कथा आहे, सांगायचं राहिलं. दर शुक्रवारी गाडीत सामान भरून सगळे 'शालेला' जातात. बापाची होडी आहे तिथे.

लोझानकर: हे आधी सांगायचं ना! मी इथे कढया घासतोय. क्वेबेकमध्ये शाले म्हणजे तळ्याकाठचं सुट्टीचं घर, चीजचा काही संबंध नाही.

चष्मेबद्दूर: 'तळ्यावरचं घर' करा. पुढे नुसतं 'तळ्यावर गेलो' चालेल. मळ्यावर जातो तसं.

घाटवाट: झाप छोटा शब्द आहे, विचार करा.

अनुस्वार: 'तळ्यावर' घेतेय. दोन ठिकाणी बसलं. तिसऱ्या ठिकाणी आजी म्हणते 'शाले विकू नका', तिथे 'तळं विकू नका' झालंय. :(

पाटीवाचक: पाचनईला एसटी जाते का?