२४ जानेवारी २०२२ पासून शाळा: पोरांना पाठवणार का?

ओसरीवरचा
कोरोना वाढला म्हणून ८ जानेवारीला महाराष्ट्रात आदेश निघाला, शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद. आता शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड म्हणतात, २४ तारखेपासून सुरू करा. पालकांचं संमतिपत्र घ्या, अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाचा.

माझं मत: उघडा, आणि पहिली-दुसरी सगळ्यात आधी. याच महिन्यात हॉटेलं आणि नाट्यगृहं निम्म्या क्षमतेने चालूच होती की! मिसळ खायला निघालेला माणूस चालतो, बाराखडी शिकायला निघालेलं पोर चालत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) प्रमुख बलराम भार्गव जुलै २०२१ मध्येच म्हणाले होते की सुरुवात प्राथमिक शाळांपासून करणं शहाणपणाचं. आपण नेमकं उलटं केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवी, आणि चिमुरड्यांचा नंबर लागला थेट १ डिसेंबर २०२१ ला, मुंबईत त्याहूनही उशिरा. महिना-सव्वा महिन्यात परत कुलूप.

सईची आई
भार्गव यांचं अर्धंच बोलणं उचललंत. शिक्षक आणि बाकी कर्मचाऱ्यांचं लसीकरण झालेलं असावं, हेही ते म्हणाले होते.

मी पाठवणार नाही. सासूबाई डायलिसिसवर आहेत आणि घर दोन खोल्यांचं. मुलांना कोरोना सौम्य होतो हे मलाही माहीत आहे, पण मूल घरी येऊन कुणाच्या मांडीवर बसतं? ३ जानेवारीपासून लस सुरू झाली ती १५ ते १८ वयाला. माझी सई चौथीत आहे. आणि ते संमतिपत्र वाचलंय का कुणी? 'आम्ही स्वेच्छेने पाठवत आहोत.' म्हणजे काही झालं तर निस्तरा तुमचं तुम्ही. वर्गात एका बाकावर एक मूल बसवतील हो, पण रिक्षावाले काका दहा पोरं कोंबून आणतात, तिथे कुठलं अंतर?

पगडीवाले
शिर सलामत तर पगडी पचास. एक वर्ष मागे पडलं तर आभाळ कोसळत नाही.

ओसरीवरचा
एक नाही साहेब. मार्च २०२० पासून मोजा.

वाडीवरचे गुरुजी
झेडपीच्या शाळेवर आहे, म्हणून जरा सविस्तर.

डिसेंबरात दुसरीचा वर्ग भरला. ही मुलं पहिलीत शाळेत आलीच नव्हती. एका मुलीने कमळाच्या चित्राखालचं 'कमळ' खणखणीत आवाजात वाचलं. मी चित्रावर हात ठेवला, तर गप्प. 'क' वर बोट ठेवून हे काय विचारलं, तर म्हणाली, "फूल." कागदोपत्री ती पहिली पास आहे.

'शाळा बंद... पण शिक्षण आहे' या नावाने आम्ही व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवत होतो. पाठवला तो कुणाला? घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप ऊसतोडीला. बरं, त्या काळात आम्हीही शाळेत कुठे होतो? चेकपोस्टवर ड्यूटी, मग घरोघर तापमान मोजत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांतली मुलं पाहिली. खेड्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी ८ टक्के, अजिबात न शिकणारी ३७. माझ्या वाडीवर ८ टक्केसुद्धा निघणार नाहीत.

खिचडीचं कुणी बोलतच नाही. शाळा बंद असताना पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य कोरडं वाटलं. ते घरच्या पातेल्यात जातं, पोराच्या ताटात किती पडतं देव जाणे. आणि आमच्या वाडीवर एकही पेशंट सापडला नाही तरी शाळा बंद, कारण मुंबईत आकडा वाढला.

स्टॉकहोमकर
इथे २०२० च्या वसंतात सोळा वर्षांखालच्यांच्या शाळा उघड्याच होत्या. मुलांचं फारसं बिघडलं नाही. पण शाळेत जाऊन शिकवणाऱ्या शिक्षकांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट लागण झाली, असं इथल्याच अभ्यासात निघालं. आणि इथे आजी-आजोबा नातवंडांच्या घरात राहत नाहीत. उघडा, माझी ना नाही. फक्त स्वीडनचा दाखला देताना हेही सांगा.

प्रतिपिंड
जून-जुलै २०२१ च्या सेरो सर्वेक्षणात (म्हणजे रक्ततपासणीत) ६ ते १७ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांत प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली. घरात कोंडूनही लागण झालीच ना? मग शाळा बंद ठेवून काय वाचवलं?

सईची आई
ते कोरोनाच्या डेल्टा प्रकाराच्या वेळचं. आता ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची लागण एकदा होऊन गेलेल्यांनाही होतेय. आणि प्रतिपिंडं मुलांत सापडली, सासूबाईंत नव्हे.

गुरुजी, तुमच्या वाडीवर उद्याच उघडा, मी कोण अडवणार? ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याच्या कोविड टास्क फोर्सने, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने, शाळा उघडायचा १७ तारखेचा मुहूर्त अख्ख्या राज्यासाठी अडवला, तेही मला पटलं नव्हतं. माझं म्हणणं आमच्या शाळेपुरतं आहे. ज्यांना पाठवता येत नाही त्यांचं ऑनलाइन चालू ठेवा, गैरहजेरी लावू नका.

वाडीवरचे गुरुजी
ताई, तुमची अडचण खरी आहे. पण एकच शिक्षक वर्गाकडे बघणार की कॅमेऱ्याकडे? दोन्हीकडची पोरं अर्धवट राहतात.

सईची आई
मग दुसरा शिक्षक नेमा. सरकारने १५ टक्के फी कपात सांगितली होती, आमच्या शाळेने पूर्ण घेतलीय.