नववीतल्या मुलीला रशियन शिकायचंय, सुरुवात कशी करावी?

गोदाकाठ:
मुलगी नववीत आहे, रशियन शिकायचा ध्यास घेतलाय. जवळपास क्लास नाही. शाळा-शिकवणी सांभाळून रोज पाऊण तास निघेल. ॲपवर भागेल का? पुढे परीक्षा देता येते का?

खडूफळा:
ॲप सरावाला ठीक, पाया म्हणून नको. पहिले दोन आठवडे फक्त लिपी घ्या. अक्षरं ३३, त्यातली फसवी आधी: इंग्रजी बीसारखं दिसतं ते 'व', पीसारखं 'र', एचसारखं 'न', सीसारखं 'स'. छापील अक्षरांवर थांबू नका. रशियात हाताने लिहितात ती जोडून, आणि त्यात छोटा 'त' इंग्रजी एमसारखा, तर 'द' जीसारखा दिसतो. शाळकरी मुलांच्या गिरवायच्या वह्यांना 'प्रोपिसी' म्हणतात. त्या नावाने शोधा, पानं छापून घ्या, रोज एक गिरवू द्या. शब्दांखाली देवनागरीत उच्चार लिहायची सवय मात्र लागू देऊ नका, मग डोळा तेवढंच वाचतो.

सह्यवारा:
उच्चारांत मराठी मुलांना मोठा फायदा आहे, इंग्रजीतून शिकताना तो वाया जातो. त-द दातांना जीभ लावूनच म्हणायचे, ट-ड नव्हेत. 'चाक'मधला च आणि 'चहा'मधला च, दोन्ही रशियनमध्ये आहेत आणि दोघांना वेगळी अक्षरं आहेत. अडतं ते इथे: इंग्रजी झेडसारख्या ध्वनीला 'जग'मधला ज काढला की चुकतं. 'स' लांबवत घशातून आवाज सोडायला सांगा, हवा तो ध्वनी येईल.

त्याहून महत्त्वाचा आघात, म्हणजे शब्दात जोर कुठे येतो ते. आघात नसलेला 'ओ' हा 'अ'कडे झुकतो. दुधाला लिहितात 'मोलोको', म्हणतात 'मलाको', जोर शेवटी. साध्या छपाईत आघाताची खूण नसते, म्हणून प्रत्येक नवा शब्द विक्शनरी या ऑनलाइन कोशात बघून, फोर्वो या उच्चारांच्या साइटवर ऐकून, खुणेसकटच वहीत उतरवायचा.

पानगळ:
विभक्ती सहा. सगळी कोष्टकं एकदम पाठ करायला लावलीत तर महिन्याभरात वही मिटेल. आधी 'शाळेत' आणि 'शाळेला' एवढा फरक पक्का करा: शब्दयोगी तोच, शेवट बदलतो, 'फ श्कोले' आणि 'फ श्कोलू'. भूतकाळ सोपा जाईल, 'तो गेला, ती गेली'सारखं क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं. नामाचं लिंग मात्र मराठीवरून ठरवू नका. ते बहुधा शेवटावरून कळतं: व्यंजन आलं तर पुल्लिंग, 'आ' स्त्रीलिंग, 'ओ' नपुंसक. म्हणून पुस्तक, 'क्नीगा', तिथे स्त्रीलिंगी. क्रियापदं पहिल्या दिवसापासून जोडीने शिकवा, चालू क्रियेचं एक आणि पुऱ्या झालेल्या क्रियेचं दुसरं. नंतर जोड्या लावायला बसलं की फार गोंधळ होतो.

परीक्षा आहे, तिला टोरफल म्हणतात. पहिल्या, ए-१ पातळीला साधारण ७८० शब्द लागतात. रोज पाच नवे आणि जुन्यांची उजळणी अँकी या फ्लॅशकार्डच्या ॲपवर केली तर सहा महिन्यांत तेवढे होतात. क्लाससाठी मुंबईत पेडर रोडचं रशियन हाऊस आणि पुण्यात विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट इथे चौकशी करा. वयाची आणि शिक्षणाची अट आधी विचारा, विद्यापीठाचे अभ्यासक्रम शाळकरी मुलांसाठी आखलेले नसतात. तोवर आठवड्यातून एकदा ऑनलाइन शिक्षकाकडून फक्त उच्चार तपासून घ्या. चुकीचा बसलेला आघात नंतर सुटता सुटत नाही.