मदत हवी आहे: कॅबिनेटचे पंखे पाच, मदरबोर्डवर जागा दोनच. कसे जोडू?

नमस्कार मंडळी,

वडगावात (बेळगाव) आमच्या घरी खाली यंत्रमाग आहेत आणि माझा कॉम्प्युटर वरच्या खोलीत. साड्यांच्या काठांची डिझाइनं मी त्यावरच करते. गेल्या पावसाळ्यात जुना पीसी आपोआप बंद व्हायला लागला. आधी अर्ध्या तासानं, नंतर नंतर दहा मिनिटांतच. उघडून बघितलं तर प्रोसेसरचा पंखा आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामध्ये सुताची लव साचलेली, त्यात ओल धरलेली. चिमटीत धरून ओढली तर वाकळेच्या तुकड्यासारखी अख्खी निघून आली. पंखा फिरत होता, पण वारा खाली पोचतच नव्हता. तोवर मदरबोर्डही गेला होता.

म्हणून आता नवीन पीसी स्वतःच जोडतेय. प्रोसेसर, रॅम, एसएसडी बसलं, चालू पण झालं. अडलंय ते पंख्यांवर.

कॅबिनेटसोबत पुढच्या बाजूला तीन पंखे आलेत, तीन पिनांचे. त्यांना दिव्यांची वेगळी वायरही आहे. मी दोन पंखे वेगळे घेतले, ते चार पिनांचे. एक मागं आणि एक वर लावायचा विचार आहे. मदरबोर्डवर मात्र ‘सीपीयू फॅन’ एक आणि कॅबिनेटच्या पंख्यांसाठी ‘सिस फॅन’ १ व २, एवढीच जागा. तिन्ही ठिकाणी चार पिना.

दुकानातला मुलगा म्हणाला, सगळे पंखे मोलेक्सला (पॉवर सप्लायमधून येणारा चार पिनांचा जाड प्लग) जोडून टाका, आणि दिव्यांची वायर मदरबोर्डवर जिथं बसेल तिथं बसवा. पुढचे तीन मोलेक्सला लावून बघितले. दिवसा मागांच्या खडखडाटात काही कळलं नाही, पण रात्री माग थांबल्यावर एवढा आवाज, की शेजारच्या खोलीत आई झोपू शकली नाही. ती पहाटे चारला उठते, तिची झोप मोडून मला हे चालवायचं नाही.

तीन पिनांचा पंखा चार पिनांवर चालतो का? एका जागेवर किती पंखे लावावेत? दिव्यांची वायर कुठं? आणि आमच्यासारख्या घरात, जिथं हवेत कायम लव असते, तिथं वारा कुठून आत आणि कुठून बाहेर घ्यावा? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जाणकारांनी सांगावं.

टिळकवाडीकर

ताई, आधी दिव्यांचं बघा, बाकी नंतर. पंख्याच्या दिव्यांचा प्लग चार घरांचा पण एक घर रिकामं, म्हणजे तीनच तारा, असा असेल तर ते दिवे ५ व्होल्टचे. मदरबोर्डवर सलग चार पिनांची दिव्यांची जागा असेल तर ती १२ व्होल्टची. जोर लावला तर काही प्लग तिथंही बसतात, आणि दिवे त्या क्षणी जळतात. माझ्या भावाचे गेले. तुमच्या बोर्डवर ५ व्होल्टची तीन पिनांची जागा नसेल तर ती वायर सरळ गुंडाळून टायने बांधून ठेवा. दिवे बंद राहिले म्हणून पंखा फिरायचा थांबत नाही.

उद्यमबाग

मी पॅनेल वायरिंगचं काम करतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

पंख्याची पहिली तार ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी वेग कळवणारी. एका फेऱ्याला ती दोन ठोके पाठवते, त्यावरून बोर्ड आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, मोजतो. चौथी असेल तर ती पीडब्ल्यूएमची: १२ व्होल्ट पूर्ण मिळत राहतात आणि या तारेवरच्या इशाऱ्यानं पंखा वेग कमीजास्त करतो. तारांच्या रंगावर जाऊ नका. मोलेक्समधली पिवळी तार १२ व्होल्टची असते, पण काळी-लाल-पिवळी तार असलेल्या पंख्यात पिवळी वेगाची असते. तारा कापून जोडणारे इथंच फसतात.

तीन पिनांचा पंखा चार पिनांवर चालतो. प्लगच्या एका अंगाला दोन बारीक कडा असतात आणि बोर्डवर पिनांमागं प्लास्टिकची जीभ उभी असते. जीभ त्या दोन कडांमध्ये आली की आपोआप बरोबर बसतं, चौथी पिन बाहेर राहते. पण बायोसमध्ये (बोर्डची स्वतःची सेटिंग, पीसी चालू होताना उघडते ती) त्या जागेचा मोड ‘डीसी’ करावा लागेल. पीडब्ल्यूएम ठेवलात तर तीन पिनांचा पंखा पूर्ण वेगानंच फिरणार, कारण त्याला तो इशारा कळतच नाही. डीसीमध्ये बोर्ड व्होल्टेजच कमी करतो. मोलेक्सवर आवाज झाला तो यामुळंच, तिथं कायम १२ व्होल्ट.

किती लावायचे, हे पंख्याच्या मधल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. बोर्डच्या एका जागेची मर्यादा बहुतेक वेळा १ अँपिअर असते, तरी तुमच्या बोर्डच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या. स्टिकरवर ०.२५ ए असेल तर तीन पंख्यांचे ०.७५ होतात. चालतील, चौथा नको. सुरू होताना पंखा थोडा जास्त करंट ओढतो.

म्हणजे पुढचे तीन एका तीन-तोंडी स्प्लिटरनं (एका जागेला तीन तोंडं करणारी वायर) सिस फॅन १ वर, मोड डीसी. चार पिनांचे दोन दुसऱ्या स्प्लिटरनं सिस फॅन २ वर, मोड पीडब्ल्यूएम. तीनवाले आणि चारवाले एकाच जागेवर मिसळू नका. पॉवर सप्लायच्या साटा वायरवर चालणारा हबही (बरेच पंखे एकत्र जोडायची पट्टी) मिळतो, पण पाच पंख्यांसाठी तो खर्च मला गरजेचा वाटत नाही. शिवाय बरेच हब फक्त पीडब्ल्यूएम समजतात, तुमचे तीन पिनांचे पंखे त्यावर पुन्हा भणभणतील.

निपाणीकर

आमच्याकडं तंबाखूची धूळ, तुमच्याकडं लव. दुखणं एकच हाय. ऑनलाइन फॉर्म भरायचं माझं छोटं दुकान हाय आणि आजूबाजूला वखारी. सांगतो ते बघा.

आत येणारा वारा जास्त आणि बाहेर जाणारा कमी ठेवा. मग कॅबिनेटच्या प्रत्येक फटीतनं हवा बाहेर पडत ऱ्हाते, धूळ आत ओढली जात न्हाई. जी येते ती फक्त पुढच्या जाळीतनं, आणि जाळी आपल्या हातात हाय, काढून झटकता येते. उलटं केलं तर मागच्या यूएसबीच्या भोकांतनंसुद्धा धूळ आत शिरते.

पंख्याची दिशा बघायला सोपं: मोटर धरणारे चार दांडे ज्या बाजूला, त्या बाजूला वारा बाहेर पडतो. काही पंख्यांच्या कडेला बाणबी कोरलेले असतात. आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. लव जमिनीवरच लोळत असते.

खानापूर रोड

निपाणीकरांशी सहमत, पण वरच्या पंख्याबद्दल माझं मत वेगळं आहे. पीसी बंद असताना वरच्या भोकांतून लव सरळ आत पडणार, आणि यांच्या घरी ती दिवसभर पडतच असणार. तीन आत, एक मागून बाहेर एवढं पुरे. वरचा पंखा लावू नका, वर बारीक जाळी चिकटवा. आपल्या बेळगावच्या हवेला चार पंखे खूप झाले.

मागावरची (मूळ प्रश्नकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टिकर बघितले: पुढचे ०.२५, चार पिनांचे ०.१८. बोर्डच्या पुस्तिकेत १ अँपिअरच लिहिलंय. स्प्लिटर गावात दोन-तीन दुकानांत विचारला, मिळाला नाही, ऑनलाइन मागवला. वरचा पंखा काढला. दिव्यांची वायर बांधून ठेवली. ती ५ व्होल्टचीच निघाली आणि बोर्डवर १२ व्होल्टचीच जागा होती. टिळकवाडीकरदादा, तुम्ही वेळेत लिहिलंत.

आता दोन अडचणी. चालू करताना ‘सीपीयू फॅन एरर’ येतंय, कीबोर्डवरची कळ दाबल्यावरच पुढं जातं. दुसरी जास्त काळजीची. बायोसमध्ये पुढचे पंखे ४० टक्क्यांवर ठेवले. स्क्रीनवर वेग व्यवस्थित दिसतोय. पण बाजूची काच काढून बघितलं तर मधला पंखा नुसता थरथरतोय, फिरत नाही. बोटानं हलकेच ढकलला की फिरायला लागतो. असं कसं?

उद्यमबाग

पहिलं: प्रोसेसरच्या पंख्याची वायर चुकून सिस फॅन २ वर लागलीय का बघा. सीपीयू फॅनवर फेऱ्यांचे ठोके आले नाहीत की बोर्ड सुरुवातीलाच अडवतो, आणि ते बरंच आहे. तो इशारा बायोसमधून बंद करू नका.

दुसरं: स्प्लिटरची तीन तोंडं नीट बघा. एकाच तोंडात वेगाची पिन असेल, बाकी दोघांत नसेल. म्हणजे स्क्रीनवरचा आकडा एकाच पंख्याचा. बाकीचे दोन बंद पडले तरी बोर्डला कळणार नाही. हे मी आधीच लिहायला हवं होतं. मधला पंखा थोडा जड असणार, त्याला सुरू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं. पाच-पाच टक्क्यांनी वाढवा आणि प्रत्येक वेळी पीसी पूर्ण बंद करून चालू करा, कारण फिरता पंखा कमी व्होल्टेजवरही फिरत राहतो, थांबलेला सुरू होत नाही. ज्या टक्क्यावर तिन्ही स्वतःहून उठतात, त्याच्यापेक्षा पाच टक्के जास्त ठेवा. आणि वेगाची पिन असलेलं तोंड या मधल्या पंख्यालाच द्या. जो आधी दगा देणार, त्याच्यावरच लक्ष हवं.

मागावरची

बरोबर, प्रोसेसरची वायर सिस फॅन २ वरच होती. सीपीयू फॅनचे पिन मोठ्या हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या पट्ट्यांच्या) आड आहेत, टॉर्च धरल्याशिवाय दिसत नाहीत. बदलली, एरर गेली. सिस फॅन २ वर आता मागचा एकटा पंखा.

पुढचे तिन्ही ५० टक्क्यांना उठले, ५५ वर ठेवलेत. वेगाचं तोंड मधल्याला दिलं. रात्री दार लोटलं की आईच्या खोलीत काही ऐकू येत नाही, तिनं स्वतः सांगितलं.

आज पंधरा दिवस झाले. कॅबिनेट टेबलावर आहे. सकाळी पुढची जाळी काढली तर तिच्यावर पांढरी लव सायीसारखी धरलेली, बोटानं गुंडाळत नेली तर सुपारीएवढी गोळी झाली. मग काच काढून टॉर्चनं प्रोसेसरच्या पट्ट्या बघितल्या. दोन-चार तंतू सोडले तर कोऱ्या आहेत.

निपाणीकर

ताई, जाळी दर रविवारी. आणि आतले पंखे ब्लोअरनं झाडताना पातं बोटानं धरून ठेवा, हवेच्या जोरानं मोकळं फिरू देऊ नका. बेअरिंग खराब होतं.

मागावरची

हो, रविवारी माग बंद असतात, तेव्हाच करीन. उरलेला चार पिनांचा पंखा पिशवीत घालून ठेवलाय, मागचा कधी गेला तर तोच लावेन.