ढाक्याची बैतुर रऊफ मशीद: घुमट-मिनार नाहीत, मग काय आहे?

आलेख: वास्तुविशारद मरीना तबस्सुम यांची ही विटांची मशीद २०१२ मध्ये पूर्ण झाली, २०१६ मध्ये तिला आगा खान वास्तुपुरस्कार मिळाला. बंगालच्या सल्तनतकालीन मशिदींचा वारसा ती सांगते, असं म्हणतात; पण घुमट नाही, मिनार नाही, याचंच सगळ्यांना कौतुक! मला ती १३ अंशांसाठी मोठी वाटते. भूखंड आणि किब्ला (नमाजासाठी तोंड करायची मक्केची दिशा) यांच्या दिशांत तेवढा फरक होता. बाहेरचा चौकोन भूखंडाशी जुळता ठेवून आत दंडगोल घातला आणि त्याच्या पोटात नमाजाचं चौकोनी दालन किब्ल्याकडे फिरवलं. दालनाच्या चार बाजूंना उरलेल्या जागा म्हणजे वरून उजेड येणारे चौक. अडचणीतूनच प्रकाशयोजना निघाली.

पागोळी: दालन फिरवणं नवं नाही. त्याच ढाक्यात वास्तुविशारद लुई कान यांनी संसद भवनातलं प्रार्थनागृह मुख्य अक्षापासून वळवलंय. आणि बंगालच्या सल्तनतकालीन विटांच्या मशिदींचा वारसा सांगायचा, तर बागेरहाटची षाट गुंबद मशीद बघा: छतभर घुमट! ते टाकून फक्त वीट घेतली, हा सोयीस्कर वारसा झाला. शिवाय भिंतीतल्या विटांच्या जाळीतून तिरका पाऊस आणि धूळ येणार, ओल्या विटांवर मीठ फुटणार.

विटकाम: षाट गुंबदला घुमट लागले, कारण वीट ताण सोसत नाही. एवढं छत झाकायचं तर खांबांच्या रांगा, त्यांवर कमानी आणि प्रत्येक खणावर छोटा घुमट, हाच मार्ग होता. बैतुर रऊफमध्ये दालनावर काँक्रीटची चौकट आहे, भार कडेच्या ८ खांबांवर जातो. मधल्या विटांवर छताचा भारच नाही, म्हणून फटी ठेवता आल्या. त्यावर घुमट बसवला असता तर तो निव्वळ शोभेचा. पावसाचा मुद्दा खरा आहे, जाळीची देखभाल लागतेच. जोतं मात्र पुराचा विचार करून उंच घेतलंय.

पागोळी: रचनेचं पटलं. तरी मशीद वाटेवरून ओळखू यायला हवी, ही लोकांची गरज आहे.

आलेख: मग ढाक्यातलीच राष्ट्रीय मशीद बैतुल मुकर्रम? १९६० च्या दशकातली, अब्दुलहुसेन थारियानी यांची, मक्केतल्या काबासारख्या घनाकाराची. मुख्य इमारतीवर घुमट नाही, तरी ढाक्यात ती कोणाला ओळखता येत नाही?

पागोळी: ती प्रचंड आहे आणि काबाचा आकार सर्वांना ठाऊक आहे. वस्तीतल्या छोट्या मशिदीला तो आधार नसतो. बैतुर रऊफमध्ये तर मेहराबऐवजीही (किब्ल्याची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याऐवजीही) भिंतीत नुसती उभी फट आहे.