मदत हवी आहे: ३२-बिट नेटबुकवर (लुबुंटू १४.०४) फायरफॉक्स पुढे सरकत नाही

नमस्कार मंडळी,

बाबांचं २००९ सालचं दहा इंची नेटबुक आहे. इंटेल अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. २०१५ मध्ये मी त्यावर लुबुंटू १४.०४ (लिनक्सची एक हलकी आवृत्ती) टाकून दिलं, तेव्हापासून रोज वापरात आहे. बाबा ७६ वर्षांचे आहेत. बटणांवर इनस्क्रिप्टची (भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीची) अक्षरं त्यांनी स्वतः चिकटवली, त्यावरच मराठी टंकायला शिकले आणि गावातल्या जुन्या विहिरींबद्दल शंभरेक पानं लिहून काढली. नवा लॅपटॉप घेऊ या म्हटलं तर म्हणाले, "याच्यावर माझा हात बसलाय." मला ते पटतं. त्यामुळे "नवीन घ्या" हा सल्ला कृपया नको.

अडचण ब्राउझरची आहे. फायरफॉक्स ६६.०.३ वर अडकलाय. सकाळचं वर्तमानपत्र उघडलं की मथळा दिसतो आणि खाली पांढरं पान. काही ठिकाणी "तुमचा ब्राउझर जुना आहे" एवढीच पाटी. जाहिराती अडवणारं अ‍ॅड-ऑन मार्च २०२५ पासून आपोआप बंद झालंय, परत सुरू होत नाही. आणि अधूनमधून एखाद्या सकाळी झाडून सगळी संकेतस्थळं "असुरक्षित" दाखवतो, दुपारी मी पाहिलं की ठीक असतं.

काय काय केलं ते सांगतो. टर्मिनलमधून एपीटी (प्रोग्रॅम टाकणारं आणि अद्ययावत करणारं साधन) अपडेट आणि अपग्रेड दोन्ही चालवलं. काहीही चूक न दाखवता सांगतं की नवीन करण्यासारखं एकही पॅकेज नाही. मग माझ्या लॅपटॉपवर ताजा फायरफॉक्स उतरवला, पेनड्राइव्हने आणला, फोल्डर उलगडलं, चालवला तर "एक्झेक फॉरमॅट एरर". नंतर ३२-बिटचा फायरफॉक्स १४४ मिळाला, तो निदान सुरू व्हायला गेला, पण जीटीकेचं (खिडक्या आणि बटणं दाखवणाऱ्या लायब्ररीचं) काहीतरी सापडत नाही म्हणून बंद पडला. आता पुढे काय करावं?

प्रतिसाद १

सकाळी असुरक्षित आणि दुपारी ठीक, यावरून विचारतो: रात्री चार्जर काढून ठेवता का? आणि बॅटरी पूर्ण गेलेली आहे का? पुढच्या वेळी असं झालं की कोपऱ्यातली तारीख बघा.

धागाकर्ता

बॅटरी केव्हाच गेली, थेट चार्जरवरच चालतं. आणि हो, आज सकाळी तारीख १ जानेवारी २००८ होती! नेट जोडल्यावर थोड्या वेळाने आपोआप सुधारली.

प्रतिसाद १

मग तो भाग ब्राउझरचा नाहीच. घड्याळ चालू ठेवणारा आतला नाण्यासारखा सेल संपलाय. प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला "या तारखेपासून वैध" अशी अट असते. २००८ मधल्या घड्याळाला आजची सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली वाटतात. सेल बदलून घ्या. काही नेटबुकांत तो वायर आणि प्लगसकट असतो, तेव्हा जुना काढून दुकानात दाखवा.

प्रतिसाद २

बाकीच्याबद्दल मी लिहितो, कारण माझ्याकडेही एन२७० आहे.

एपीटी खोटं बोलत नाहीये. १४.०४ चा सर्वसाधारण आधार एप्रिल २०१९ मध्ये संपला, त्यामुळे एपीटी जिथून पॅकेजेस घेतं त्या भांडारात तुमच्यापेक्षा नवं काही नाहीच. पांढरं पान का, तर फायरफॉक्समध्ये जावास्क्रिप्टची काही नवी चिन्हं ७२ आणि ७४ या आवृत्त्यांत आली. ६६ ला त्यातलं एक जरी भेटलं तरी तो ती अख्खी स्क्रिप्ट टाकून देतो. अ‍ॅड-ऑनचं कारण वेगळं: त्यांच्या सह्या तपासणारं मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला कालबाह्य झालं, नवं १२८ पासून आहे.

तुमचा पहिला प्रयत्न फसला कारण एन२७० निव्वळ ३२-बिट आहे आणि उतरवलेली फाइल ६४-बिट होती. दुसरा फसला कारण नव्या फायरफॉक्सला जीटीके ३.१४ लागतं, १४.०४ मध्ये ३.१० आहे. ते एकटं वर चढवायला जाऊ नका, मी ते करून अख्खा डेस्कटॉप मोडून घेतला होता. ब्राउझर सुधारायचा तर खालची सिस्टिमच बदलायला हवी. १६.०४, १८.०४ अशा पायऱ्याही चढू नका, लुबुंटूची ३२-बिट वाट १८.१० नंतर पुढे गेलीच नाही.

डेबियन १२ या लिनक्सवर आधारलेलं, जुन्या मशिनांसाठीचं अँटिएक्स २३, ३२-बिट, घ्या. डेबियन १३ मध्ये ३२-बिटचा इन्स्टॉलर नाही. अँटिएक्स पेनड्राइव्हवरून थेट चालतं, तेव्हा आधी काहीही न पुसता वायफाय आणि आवाज चालतो का बघा. आत फायरफॉक्स ईएसआर (जास्त काळ आधार मिळणारी आवृत्ती) वापरा. साध्या फायरफॉक्सची ३२-बिट लिनक्स आवृत्ती १४४ ला थांबली. ईएसआर १४० ला मात्र फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत आधार सांगितलाय. त्यानंतर परत विचार करावा लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. शक्य असेल तर रॅम २ जीबी करा, या प्रोसेसरला त्याहून जास्त चालत नाही, पण १ आणि २ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि बँकेची कामं यावर करू नका.

सगळ्यात आधी बाबांची शंभर पानं दोन ठिकाणी उतरवून ठेवा. एका पेनड्राइव्हवर विसंबू नका.

धागाकर्ता

आठवड्याने कळवतोय. पानं दोन ठिकाणी ठेवली, शिवाय छापूनही घेतली. सेल वायरवालाच निघाला, बदलला, तारीख आता टिकते. अँटिएक्स आधी पेनड्राइव्हवरून दोन दिवस वापरलं, मग इन्स्टॉल केलं. इन्स्टॉल करताना ६०० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर खालचं बटण दिसेना. अल्ट दाबून खिडकी माऊसने वर ओढली की दिसतं, कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. वर्तमानपत्र पूर्ण उघडतंय. सावकाश, पण पूर्ण.

देवनागरी फॉन्टचं पॅकेज टाकलं, कीबोर्डमध्ये भारतीय लेआउट जोडला. अक्षरं स्टिकरप्रमाणेच येतात. बाबांनी पहिला शब्द "पायऱ्या" टंकला, कारण ऱ्य नीट उमटतो का ते त्यांना बघायचं होतं. उमटला. रॅमची पट्टी अजून शोधतोय, डीडीआर२ ची २ जीबी कुणाकडे पडून असेल तर इथेच सांगा.